खाऱ्या पाण्याची पाठवणी

१

बेलानच्या घाटातलं ते हॉटेल उन्हाळ्यात गच्च भरायचं आणि द्राक्षं संपली की ओस पडायचं. सीरिया तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता. खाली इस्कंदरूनच्या बंदरात डास माजले, ताप सुरू झाला, की फ्रेंच अंमलदारांच्या बायका आणि अलेप्पोचे कापडवाले सामान बांधून वर यायचे. झऱ्याचं गार पाणी प्यायचे, गच्चीवरून आखात बघायचे, आणि भूक वाढली म्हणून तक्रार करायचे. हॉटेल बांधलं होतं मित्रीच्या बापाने. मित्री पाहुण्यांना हसवायचा, बाकीचं सगळं त्याची बायको नझीरा बघायची.

"आमचं सरकार काही पॅरिसला नाही, स्वयंपाकघरात आहे," असं तो फ्रेंचांच्या तोंडावर म्हणायचा. तिला हाकही तशीच मारायचा. "सरकार, कॉफी!" की सरकार चुलीवरून ओरडायचं, "हातपाय मोडलेत का?"

मूलबाळ नव्हतं. घरात तिसरी एक मित्रीची आई, वर्दे. नझीरा तिला काकी म्हणायची, तिकडे सासूला तसंच म्हणतात.

मित्रीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला आणि हळूहळू त्याला फक्त उजेड तेवढा कळायला लागला. थट्टा चालूच होती, पण नझीराशी बोलताना तो तिच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघायचा. ती केसांना मेंदी लावायची, नवा झगा शिवायची, आणि तिला मत्सर वाटावा इतकं प्रेम त्या भिंतीच्या वाट्याला यायचं. पंचेचाळिशीतल्या बाईला कुणी आपल्याकडे बघावंसं वाटत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी पंचेचाळिशीतली बाई बघितलेलीच नाही. नझीराचा जीव त्यासाठी तुटत होता. नवऱ्याने एकदा, एकदाच, तोंडाकडे बघून 'सरकार' म्हणावं.

बैरुतचा डॉक्टर म्हणाला, शस्त्रक्रिया करून बघू. दृष्टी येईल, कदाचित नाही येणार. हंगाम संपताच मित्री निघाला.

निघायच्या सकाळी वर्देने पितळेची सुरई झऱ्यावर भरली आणि नझीराच्या हातात दिली. "होडी सुटली की मागे ओत. सगळं ओत, थेंब ठेवू नकोस. कोरडं पाठवायचं ते मेलेल्याला."

प्रवासाला निघालेल्या माणसाच्या मागे पाणी टाकायचं, म्हणजे पाणी जशी वाट काढतं तसा तो वाट काढत घरी येतो. त्या मुलखात मुसलमान असो, अर्मेनियन असो की नझीरासारखे अरब ख्रिस्ती, हे कुणी चुकवत नाही.

हायकाझने त्यांना मोटारीने खाली नेलं. हायकाझ हा अर्मेनियन ड्रायव्हर, हॉटेलचे पाहुणे तोच ने-आण करायचा. धक्क्यावर ऊन रणरणत होतं. आगबोट लांब आखातात उभी, आणि तिच्याकडे नेणारी होडी पायऱ्यांशी हेलकावत होती. मित्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण कबूल कोण करणार?

"सरकार, घसा कोरडा पडलाय. सुरईतलं दे जरा."

"ते तुझ्या मागे टाकायचंय."

"अगं, आधी पुढून तरी टाक!"

तिने दिलं. नको म्हणायचा धीर झाला नाही. तो घटाघटा प्यायला, आणि होडीवाल्याने हात धरून त्याला खाली घेतलं. होडी सुटली तेव्हा सुरईच्या तळाशी दोन बोटं पाणी उरलं होतं. नवऱ्याच्या मागे दोन बोटं पाणी? नझीरा गडबडली. झटकन पायऱ्या उतरून तिने सुरई बंदरात बुडवली, काठोकाठ भरली, आणि लांब जाणाऱ्या होडीच्या मागे भिरकावून ओतली.

हायकाझ मागे पोट धरून हसत होता. "वा ताई! समुद्राचं समुद्रालाच दिलंत. फुकटात पुण्य!"

"काकीला बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलतोय? म्हातारी मला मोटारीसकट दरीत ढकलेल."

२

नोकरमाणसं आपापल्या गावी गेली होती. पाहुणे नव्हते. दुपारी जेवण झालं की वर्दे खालच्या खोलीत पडायची आणि नझीरा वरच्या मजल्यावर चादरी घड्या करून कपाटात लावायची, मध्ये लव्हेंडरच्या पुड्या घालून. रिकाम्या हॉटेलला दुपारचा एक आवाज असतो. कुठे लाकूड तडकतं, कुठे नळ ठिबकतो. तिला त्या आवाजांची इतकी सवय होती, की त्यातला एखादा आवाज कमी झाला तरच कळायचं.

नळाचं ठिबकणं थांबलं.

तिने मान वर केली तर जिन्याच्या तोंडाशी मित्री उभा होता. गेला तेव्हाचाच तपकिरी सूट अंगावर होता, हातात बॅग नव्हती. तो तिच्याकडे बघत होता. भिंतीकडे नाही, खांद्याकडे नाही. तिच्या तोंडाकडे.

"नझीरा," तो म्हणाला. "दिसतेस."

चादर तिच्या हातातून सुटली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशी तिची गत झाली. ती हसली, रडली, त्याच्या छातीवर डोकं टेकून काय काय बोलली ते तिचं तिलाच आठवेना. पुष्कळ वेळाने तिला विचारायचं सुचलं.

"बोट लवकर आली? हायकाझने आणलं का?"

"चालत आलो."

"चालत? घाट चढून? वेडा आहेस का? आणि बॅग?"

तिची नजर त्याच्या बुटांवर गेली. घाटातली तांबडी धूळ एकदा चिकटली की आठवडाभर निघत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. बूट स्वच्छ होते. फक्त कडेकडेने पांढरी रेघ उमटली होती, उन्हात वाळलेल्या घामाची उमटते तशी.

घाम असेल, तिने मनाशी म्हटलं. एवढा चालला, घाम येणारच.

३

तो त्यांच्या खोलीत झोपला नाही. टोकाची खोली, जिच्या खिडकीतून सगळं आखात दिसतं, ती त्याने न विचारता उघडली. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला मोकळी हवा लागत असेल, नझीराने विचार केला. विचार करायला तिच्याकडे कारणं भरपूर होती आणि एकेक ती काढून लावत होती, चादरींसारखी.

त्याचे डोळे काळेभोर, स्वच्छ होते. कापल्याची खूण नव्हती. बैरुतचे डॉक्टर हुशार. डोळ्यांतून सारखं पाणी यायचं, गालावरून कॉलरमध्ये उतरायचं, आणि तो पुसायचा नाही. कापलेला डोळा पाझरणारच. उशी सकाळी पिळून निघेल इतकी ओली असायची आणि वाळली की पापडासारखी कडक व्हायची. अश्रू खारटच असतात, त्यात नवल काय?

तो जेवायला बसायचा, पण ताट तसंच राहायचं. एकदा तिने त्याच्या पुढची वांग्याची भाजी परत नेऊन चाखली आणि थुंकून टाकली. इतकं मीठ तिच्या हातून आयुष्यात पडलं नव्हतं. मग त्याच्या खोलीतला पाण्याचा तांब्या तिने तोंडाला लावला. झऱ्याचंच पाणी होतं ते, सकाळी तिनेच भरलेलं. तेही खारट.

हे मात्र तिला कुठल्या कपाटात लावावं ते कळेना.

आणि त्याची एकही थट्टा नाही. दुखत असेल. 'सरकार' नाही, नुसतं 'नझीरा.' तिने एकदा मुद्दाम टोमणा मारला, "काय रे, बैरुतला जीभ पण कापली का?" आधीच्या मित्रीने यावर तासभर थट्टा केली असती. हा फक्त बघत राहिला.

पण बघायचा कसा! ती पीठ मळताना, केस विंचरताना, जिना चढताना तो एकटक तिच्याकडे बघायचा, पापणी न लववता, जणू जगात बघण्यासारखं दुसरं काही नाही. आणि खरं सांगायचं तर नझीरा त्या नजरेला भुलली. इतकी वर्षं उपाशी असलेलं माणूस पंगतीत भातात खडा लागला म्हणून उठून जात नाही. तिने मेंदी लावली, निळा झगा काढला. भीती होती, तरी ती आरशासमोर गुणगुणली.

४

वर्देने पहिल्याच दिवशी मुलाच्या दोन्ही डोळ्यांचा मुका घेतला होता. घेतला आणि ओठ रुमालाने पुसले. तेव्हापासून म्हातारी वरच्या मजल्यावर फिरकली नाही. चुलीपाशी बसून ती जपमाळ ओढायची आणि वरती पावलं वाजली की थांबायची.

"काकी, तुझा मुलगा बरा होऊन आलाय आणि तू तोंड पाडून बसलीस?"

"बरा होऊन आला," वर्दे म्हणाली. "अगं, माझ्या मित्रीला अंधारात चालता यायचं नाही, लहानपणापासून. कोनाड्यात दिवा लागायचा त्याला. काल संध्याकाळी हा दिव्याशिवाय तळघरातून वर आला. काय करत होता तिथं?"

"थंडावा असतो तिथं."

"झऱ्याचं पाणी येतं तिथं." म्हातारीने माळ खाली ठेवली. "नझीरा, तू त्याच्या डोळ्यांत बघितलंस?"

"दिवसभर तेच तर बघते."

"तो तुला बघतो. तू त्यात बघितलंस का? माणसाच्या डोळ्यांत बघितलं की आपण दिसतो, एवढे एवढे. मी मुका घ्यायला वाकले तर मी दिसले नाही."

"तुझ्या वयाला काय दिसणार, काकी?"

"हो, माझंच वय झालं," वर्दे म्हणाली. मग तिने अगदी हळू विचारलं, "पोरी, पाणी सगळं ओतलं होतंस ना? झऱ्याचं?"

"सगळं," नझीरा म्हणाली आणि डाळ निवडायला घेतली.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीचा भोंगा वाजला. हायकाझ एरवी फाटकातूनच आरडाओरडा करत यायचा. त्या दिवशी तो टोपी हातात घेऊन अंगणात उभा राहिला.

"ताई, आधी बसा."

"का रे? कुणी मेलं का?"

"मेलं नाही. बोटीच्या एजंटकडे बैरुतहून तार आलीय. मित्रीभाऊ उद्याच्या बोटीने येताहेत." त्याने टोपी चुरगाळली. "लिहिलंय, हात धरायला कोणीतरी या. डोळे गेले, ताई. जो उजेड कळत होता तोही गेला."

नझीरा बसली. हायकाझ काहीबाही धीराचं बोलत होता, देव आहे, माणूस तर सुखरूप आहे, मोटार आहे, मी आहे. बोलता बोलता त्याने वर बघितलं.

"हंगाम नाही आणि पाहुणे?" तो म्हणाला. "टोकाच्या खोलीत कोण उतरलंय?"

खिडकीत तो उभा होता. चेहरा उन्हामुळे नीट दिसत नव्हता, पण तोंड कुठल्या बाजूला होतं ते कळत होतं.

"अलेप्पोचे आहेत एक," नझीरा म्हणाली. "हवेसाठी आलेत."

"किती वेळ बघताहेत हो तुमच्याकडे!" हायकाझ हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्याने टोपी घातली आणि गाडी लागलीच वळवली.

६

ती वर गेली. भर दुपार होती, पडदे उघडे होते, आणि खोलीत समुद्राचा वास इतका होता की खाली धक्क्यावरही तेवढा नसेल. फरशीवर ओली पावलं होती. खिडकीपासून पलंगापर्यंत, आणि पलंगापासून खिडकीपर्यंत.

तिची पाचावर धारण बसली होती, तरी ती दारात थांबली नाही. हॉटेलातून दारुडे कप्तान हाकलायची तिला सवय होती, तीच सवय कामी आली.

"ऊठ," ती म्हणाली. "जा इथून. माझा माणूस येतोय."

तो वळला. पाणी गालांवरून वाहत होतं. ती आणखी एक पाऊल पुढे गेली आणि पहिल्यांदाच तिने त्याच्या डोळ्यांत नीट बघितलं.

ती स्वतः त्यांत दिसली. पण समोरून नाही. फार खालून, हिरव्या हलत्या पाण्याआडून. वर पायऱ्यांचा शेवाळलेला दगड होता, त्यावर वाकलेली एक बाई, तिच्या हातात पितळेचं काहीतरी चमकत होतं, आणि ते खाली खाली येत होतं. दोन्ही डोळ्यांत तेवढंच होतं. ती हलली, पण डोळ्यांतली बाई हलली नाही. वाकलेलीच राहिली.

नझीराने पलंगाचा गज धरला.

"त्याला दिसतं का?" त्याने विचारलं.

आवाज मित्रीचाच होता. त्यात राग नव्हता, हट्ट नव्हता. काहीच नव्हतं.

"मला तू दिसतेस," तो म्हणाला.

थोबाडीत मारावी, किंचाळावं, खालून पाद्र्याला बोलवावं, असं हजारदा तिच्या मनात आलं. आणि तिने काय केलं? केसांची एक बट सुटून कपाळावर आली होती, ती मागे सारली. हात आपोआपच गेला. मग तिला स्वतःचीच इतकी किळस आली की ती धावत जिना उतरली आणि संध्याकाळपर्यंत चुलीपाशी वर्देला चिकटून बसली. म्हातारीला काही विचारायची गरज उरली नव्हती.

७

मित्रीला होडीतून दोघांनी उचलून धक्क्यावर ठेवलं. डोळ्यांवर पांढरी पट्टी होती, अंग अर्धं झालं होतं, कपड्यांना दवाखान्याचा वास होता. नझीराने हात धरला तशी त्याने तिची बोटं चाचपली, अंगठी चाचपली.

"सरकार," तो म्हणाला. "बघ, गेलो होतो डोळे आणायला आणि होते तेही देऊन आलो. मला बाजाराला पाठवू नकोस म्हणून किती वर्षं सांगतोय!"

ती हसली आणि तिथेच, हमालांच्या गर्दीत, ओक्साबोक्शी रडली. हा तिचा माणूस होता. आता तिळभर शंका नव्हती. त्याच्या ओठाच्या कडेला दाढी करताना सुटलेले केस होते, आणि ते बघून तिच्या पोटात इतकी माया दाटली की वर घरात काय आहे ते ती घटकाभर विसरली.

हायकाझ गाडी चालवत होता. घाटाच्या वळणावर मित्रीने तिचा हात मांडीवर घेतला.

"एक सांगू? दवाखान्यात पडल्या पडल्या मी देवाशी भांडून घेतलं, मग तडजोड केली. म्हटलं, ठीक, यापुढे मी नझीराच्या डोळ्यांनी बघीन. ती म्हणेल पाऊस आहे तर पाऊस. पण तुला एक करावं लागेल."

"काय?"

"मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगायचं नाही. कधीच नाही. खोटं सांगितलंस तर मी कुठे बघू?"

"नाही सांगणार," ती म्हणाली. मनापासून म्हणाली.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. हायकाझने बॅग पायरीवर ठेवली आणि चहालाही न थांबता गेला. वर्दे दिवाणखान्यात उभी होती. तिने मुलाला मिठी मारली, त्याची पट्टी कुरवाळली. "माझा मित्री! माझा मित्री!" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि हे म्हणताना ती नझीराकडे बघत होती.

वरती दार उघडल्याचा आवाज झाला.

पावलं जिन्यावरून खाली आली, ओली, सावकाश, एकेक. वर्देचे हात मुलाच्या खांद्यावर थिजले. तो शेवटच्या पायरीवर येऊन थांबला. तपकिरी सूट, तेच खांदे, तेच कपाळ. मित्री इतका वाळला होता आणि हा इतका धडधाकट, की तिऱ्हाइताला विचारलं असतं तर त्याने यालाच घरधनी म्हटलं असतं. त्याने मित्रीकडे ढुंकूनही बघितलं नाही. तो नझीराकडे बघत होता.

मित्रीने पट्टी बांधलेला चेहरा वर केला.

"कोण आहे?"

वर्देने सुनेकडे बघून मान हलवली. सांग, सांग त्याला.

सांगायला नझीराने तोंड उघडलं. डोळे कायमचे गमावून तो आजच परत आला, आजच दोन पायऱ्या चढताना तीनदा अडखळला. आता याला काय सांगू, असं तिला वाटलं. हे खरंच वाटलं, त्यात खोट नव्हती. पण आणखीही एक होतं. तिकडून ती नजर तिच्या तोंडावर टेकली होती, आणि एवढ्या भीतीतही तिचा चेहरा त्या नजरेकडे वळला होता, उन्हाकडे वळतो तसा.

"नझीरा? कोणी आहे का इथे?"

"कोणी नाही," नझीरा म्हणाली.

वर्देने छातीवर क्रूस काढला. मित्रीचं कपाळ सैल झालं, खांदे उतरले. त्याने लगेच विश्वास ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "मग दार लावून घे, सरकार. वारा खारट येतोय."

ती गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं.